द्राशा कुणी लिहायची?

इस्रायलच्या अश्दोदहून एका आईचं पत्र आलंय, लेकीच्या बात मिट्झवाबद्दल, म्हणजे मुलगी बारा वर्षांची झाली की आपण ज्यू करतो त्या समारंभाबद्दल. चार पानी. त्यातली साडेतीन पानं हॉलवर खर्ची पडली आहेत. दोनशे चाळीस पाहुणे, टेबलावरच्या फुलांचा रंग, डीजेवाल्याचा भाव. सासूबाई मोरोक्कोच्या, त्यांना आदल्या रात्री हिना हवी. लेक म्हणते मलिदा, म्हणजे आपला मराठी ज्यूंचा पोहे-नारळ-फळांचा प्रसाद, नको, मैत्रिणी हसतील. ठाण्याहून आजी येणार, त्यांना जिने चढवत नाहीत. आणि मग शेवटी, जाता जाता, द्राशाबद्दल, म्हणजे मुलीनं त्या दिवशी करायच्या भाषणाबद्दल, हे: "द्राशाचं टेन्शन नाही, मावशी. इथे एक बाई लिहून देतात. पाराशा (त्या आठवड्याचा तोराचा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाचा, उतारा) आणि मुलीचं नाव कळवलं की आठवड्यात मजकूर येतो. ॲडव्हान्स देऊन टाकलाय."

अगं, टेन्शन घ्यायचं तर तिथेच घ्यायचं होतंस!

हे पान नेहमी वाचणारे आता म्हणतील, चढली म्हातारी घोड्यावर. चढले. बात मिट्झवाचं पत्र आलं की मी हेच बोलते आणि पुढच्या वेळीही हेच बोलणार आहे.

मुळात हॉल लागत नाही. मुलगी बारा वर्षं पूर्ण करते तेव्हा तिच्यावर मिट्झवा, म्हणजे धर्माच्या आज्ञा, पाळायची जबाबदारी येते, मग तू दोनशे चाळीस माणसं बोलाव नाहीतर दोन. आमच्या वेळी ठाण्यात मुलींचं बारावं म्हणजे एवढंच, की त्या वर्षीपासून दारफाळणीचा, म्हणजे योम किपुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास पूर्ण धरायचा. संध्याकाळी आईनं सरबताचा पेला हातात दिला आणि म्हणाली, "झालीस मोठी." संपला समारंभ. पुढे धाकट्या भावाची बार मिट्झवा, म्हणजे मुलांचा तेराव्या वर्षीचा तोच समारंभ, झाली, तेव्हा मात्र अख्खी आळी जेवायला. मुलानं सेफेरमधून, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीतून, वाचायचं असतं; त्यात स्वरचिन्हं नसतात, सुरांच्या खुणा नसतात, सगळं आधी पाठ करून जावं लागतं. वर्षभर तो घरात घोकत होता, आणि ऐकून ऐकून ते माझंही पाठ झालं होतं. मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, तो एका शब्दाला अडला तेव्हा वर बायकांच्या सज्ज्यात बसून तो शब्द मी पुटपुटले. आईनं मांडीला चिमटा काढला.

मुलींना पुढे येऊ द्यायला लोकांना वेळच लागला. न्यूयॉर्कला १८ मार्च १९२२ रोजी मॉर्डेकाय कॅप्लन या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आपली मुलगी ज्युडिथ हिला सगळ्यांसमोर उभं केलं, तिनं छापील पुस्तकातून तोराचा उतारा वाचला, तीही सेफेरपासून थोडं लांब उभी राहून. आणि तिच्या दोन्ही आज्या एकमेकींना सांगत होत्या, तूच समजाव त्याला, हे बरं नव्हे. तिथून इथवर आलोय. तुमच्या मशिदीत मुलीला सेफेरसमोर उभं करत नाहीत, तू लिहिलंयस. ठीक आहे, तो वाद इथे नको. पण मग त्या दिवशी तिचं स्वतःचं असं उरतं काय? पाच मिनिटांची द्राशा. तीच तू विकत आणलीस.

आता माझ्या नातीचं सांगते. तिचा जन्म तम्मूझ महिन्यातला, पाराशा आली पिनहास. त्यात सलोफहादच्या पाच मुली आहेत. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून त्या मोशेपुढे (मोझेसपुढे) उभ्या राहून म्हणाल्या, बापाचा वाटा आम्हाला द्या. आणि देवानं सांगितलं, मुली बरोबर बोलतात. सूनबाईनंही तुझ्यासारखंच कुठून तरी तयार भाषण आणलं होतं. छान होतं. त्यात 'नारीशक्ती' छापाचं बरंच काही होतं. मी ते घडी घालून कणकेच्या डब्याखाली ठेवलं आणि नातीला म्हटलं, तू नुसतं वाच आणि तुला काय विचारावंसं वाटतं ते मला विचार.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी भेंडी चिरत होते. ही गणिताच्या वहीचं मागलं पान उघडून समोर बसली आणि हिब्रूत म्हणाली, "आजी, तुला मिळाला होता का वाटा?"

सुरी थांबली माझी. ठाण्याचं घर. इकडे इस्रायलला यायच्या आधी मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. भावानं एक नारळी काठाची साडी दिली, मी ती नेसून विमानात बसले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. हे मी आमच्या ह्यांनाही कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते पोरीला सांगितलं. तिनं ते लिहिलं. शिवाय पुढची पानं चाळून तिनं आणखी एक गोष्ट शोधली, जी मला या वयात ठाऊक नव्हती: त्या पाच बहिणींना वाटा मिळाला खरा, पण शेवटी त्यांना सांगण्यात आलं की लग्न आपल्याच कुळात करा, जमीन बाहेर जाता कामा नये. "म्हणजे अर्धाच दिला ना, आजी?" हेही तिनं माइकवर सगळ्यांसमोर म्हटलं. पहिल्या रांगेत माझा भाऊ बसला होता, मुद्दाम मुंबईहून आलेला. हिब्रू त्याला येत नाही, म्हणून शेजारचा भाचा कानात मराठी करून सांगत होता. भाऊ बराच वेळ पाण्याची बाटली उघडत होता.

असं लिहून देणारी बाई मला दाखव, मी तिला दुप्पट ॲडव्हान्स देते.

तुझ्या लेकीची पाराशा आहे लेख लेखा. आपला मूळपुरुष अव्राहाम, त्याला देवाचा हुकूम होतो: आपला देश, आपलं गोत, बापाचं घर सोड आणि निघ. अगं, ही तर आपल्याच घरातली गोष्ट! तू स्वतः अठरा वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन आलीस, पत्रात लिहिलंयस. आणि बघ, हुकूम अव्राहामाला झाला. त्याची बायको सारा बरोबर गेली, तिला कुणी विचारल्याचं कुठे येत नाही. पण हे मी सांगितलं म्हणून लेकीला सांगू नकोस. तिला सापडलं तर सापडलं. नाहीतर तिला दुसरंच काही सापडेल, आणि ते आपल्याला आवडणारही नाही.

आजी येतायत ना? त्यांना आठवडाभर आधी बोलव. "मराठी कळतं पण उत्तर हिब्रूत देते" अशी तुझी तक्रार आहे. देऊ दे. प्रश्न तिचा, उत्तर आजींचं, मध्ये तू बसू नकोस. चार शब्द अडतील, तेवढ्यापुरती तुला हाक येईल. भाषणात दोन ओळी मराठी असू देत, आजींकडे बघून म्हणायच्या. चुकल्या तर चुकल्या.

बाकीचं थोडक्यात. सासूबाईंची हिना करा, आपल्यातही लग्नात मेंदी असतेच, नाचा मजेत. डीजेला एक तास कमी सांग. फुलांचं मला काही कळत नाही. मलिदा हॉलमध्ये नको हे लेकीचं बरोबर आहे, पण तिचं कारण चुकीचं. कश्रूत, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्माचे नियम, पाळणारे हॉलवाले घरचं अन्न आत घेऊ देत नाहीत. मलिदा त्याच आठवड्यात घरी ठेव, दहा-बारा माणसांत. पोहे तिनं भिजवायचे, नारळ आजींनी खवायचा, पाच फळं मांडायची आणि 'एलियाहू हन्नाबी' हे एलिया संदेष्ट्याचं गीत म्हणायचं. ज्या मैत्रिणी हसतील म्हणतेस त्यातल्या दोघींना बोलव. बशी पुसून खातील.

ॲडव्हान्स गेला समज. मजकूर आलाच तर कणकेच्या डब्याखाली जागा आहे. आणि आजींना हॉलमध्ये स्पीकरपासून लांब बसव, पण लेकीचा चेहरा दिसेल अशा बाजूला.