गरोदरपणात कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज (पायावर दाब देणारे घट्ट लांब मोजे) घ्यायचे तर गुडघ्यापर्यंतचे की पोटापर्यंतचे? आणि दाब किती?

तुम्ही लिहिलंय की सहावा महिना चालू आहे, शाळेत शिकवता, दिवसातले पाच-सहा तास उभ्यानेच जातात. संध्याकाळी पाय भरून येतात, घोटे सुजतात आणि डाव्या पोटरीवर निळसर शिरा दिसायला लागल्या आहेत. डॉक्टर "स्टॉकिंग्ज घाला" एवढंच म्हणाल्या आणि ऑनलाइन पाहायला गेलात तर कशात काय फरक आहे तेच कळेना. माझं सर्जिकल साहित्याचं दुकान आहे, येणाऱ्या बायकांच्या पायांची मापं मीच घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सांगितलेल्या त्रासाला बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंतचे, १५-२० एमएमएचजी दाबाचे स्टॉकिंग्ज पुरतात. एमएमएचजी म्हणजे बीपी ज्यात मोजतात तेच एकक. त्याच्या वरचा २०-३० चा दाब शिरा चांगल्याच फुगलेल्या असतील, किंवा आधी कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टर लिहून देतात. तो मनाने घेऊ नका. पुढच्या तपासणीला "किती दाबाचे आणि कुठपर्यंतचे" हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून मागा. खोक्यावर नुसतं "क्लास वन", "क्लास टू" असेल तर त्यावर विसंबू नका, कारण जर्मन आणि ब्रिटिश पद्धतीत एकाच क्लासचा दाब वेगवेगळा असतो. आकडा वाचा.

आकडाच छापलेला नसेल तर ती वस्तू घेऊच नका. "मॅटर्निटी टाइट्स" म्हणून जे विकलं जातं त्यातल्या कितीतरी साध्या ताणल्या जाणाऱ्या लेगिंग्ज असतात. "७० डेनियर" असं लिहिलेलं असतं, ते धाग्याच्या जाडीचं माप आहे, दाबाशी त्याचा संबंध नाही. खऱ्या स्टॉकिंगमध्ये दाब घोट्याला सर्वांत जास्त आणि वर गुडघ्याकडे कमी होत जातो, त्यामुळे रक्त वर चढायला मदत होते. नातेवाइकांच्या ऑपरेशननंतर घरात उरलेले पांढरे स्टॉकिंग्जही वापरू नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी असतात, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईसाठी नाहीत.

डाव्याच पायाला जास्त का, हेही विचारलंत. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे शिरा सैलावतात आणि वाढणारं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर टेकतं. त्यात डाव्या पायाकडून येणारी मुख्य शीर उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते, म्हणून ती आणखी दाबली जाते. स्टॉकिंग्जमुळे जडपणा आणि सूज कमी होते. नव्या शिरा दिसायच्या अजिबात थांबतील असं मात्र मी कुणालाच सांगत नाही.

पोटापर्यंतचे, म्हणजे पँटीहोज, मांडीवरही शिरा फुगल्या असतील तर उपयोगी. नाहीतर गरोदर बाईला दिवसातून कितीदा लघवीला जावं लागतं, शाळेतलं स्वच्छतागृह कसं असतं, आणि एवढं घट्ट प्रकरण दर वेळी खाली-वर करायचं, याचा आधी विचार करा. घ्यायचेच तर गरोदरपणासाठी बनवलेलेच घ्या. त्यात पोटावरचा भाग मऊ आणि ताणला जाणारा असतो, पोटावर दाब येता कामा नये. साडी नेसत असाल तर गुडघ्यापर्यंतचे कुणाला दिसतही नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं, माप. चपलेच्या नंबरावरून किंवा वजनावरून स्टॉकिंग मागवू नका. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत, शिंप्याचा टेप घ्या. घोट्याच्या हाडाच्या वर पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची, अशी तीन मापं दोन्ही पायांची घ्या. टेप टेकवायचा, आवळायचा नाही. आता वाकणं जमत नसेल, तर दुसऱ्या कुणाकडून घ्या. मग त्या त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. एकीचा मीडियम दुसरीचा लार्ज असू शकतो. घोटा एका साइझमध्ये आणि पोटरी दुसऱ्या साइझमध्ये बसत असेल तर मधलं काहीतरी घेण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचा तक्ता पाहा. आठव्या महिन्यात पुन्हा मोजा, पोटरी बऱ्याचदा भरते.

घालायचे सकाळी, बिछान्यातून उठण्याआधी. उठून कामाला लागला असाल तर दहा-पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर आडवं व्हा, पाय उशीवर ठेवा, मग घाला. जोडवी आणि पैंजण काढून ठेवा, नाहीतर जोडव्याच्या टोकात धागा अडकतो आणि नवा कोरा स्टॉकिंग तिथेच उसवतो. जोडवी काढायची नसतील तर पुढून बोटं उघडी असलेला प्रकार घ्या, उन्हाळ्यातही तो बरा पडतो. स्टॉकिंग टाचेच्या खिशापर्यंत उलटा करायचा, पंजा आत सरकवायचा, टाच टाचेवर नीट बसवायची आणि मग थोडं थोडं वर चढवायचं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. वरची कड धरून ओढू नका. कड जास्त झाली म्हणून दुमडूही नका, ती जागा दोऱ्यासारखी आवळते आणि रक्त उलट खालीच अडतं. नीट बसलेला स्टॉकिंग घट्ट वाटतो पण दुखत नाही. बोटं बधिर झाली, निळी-पांढरी पडली तर लगेच काढा. रात्री झोपताना काढायचेच. तेल किंवा क्रीम लावायचं ते रात्री, सकाळी नाही.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, लाल किंवा गरम लागली, तर ते पाय भरून येणं नव्हे. रक्ताची गुठळी असू शकते. आई किंवा सासूबाई मायेने तेल लावून पाय चोळायला बसतात, त्यांना तेव्हा चोळू देऊ नका. स्टॉकिंग चढवून वाटही पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका. चेहरा आणि हात एकदम सुजणं, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हे बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हाही तेच. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, पायाला जखम असेल किंवा पायातला रक्तपुरवठा कमी आहे असं कधी निघालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टॉकिंग घालू नका.

वर्गात एका जागी उभं राहण्यापेक्षा बाकांमधून फिरत शिकवा, फळ्यापाशी थांबावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा. बाळंतपणानंतरही हे स्टॉकिंग्ज टाकून देऊ नका, कारण गुठळीचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत जास्त असतो. तेव्हा किती दिवस घालायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या. धुताना साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो. सध्या एकच जोड घ्या, दोन-तीन दिवस शाळेत घालून पाहा, आणि नीट बसला तर धुण्या-वाळवण्यासाठी त्याच मापाचा दुसरा घ्या.