जपानहून सेकंडहँड गाडी नैरोबीला मागवताना तपासणी कशी करून घ्यावी, आणि ती पुढं सांगलीला आणता येईल का?

तुमचा प्रश्न असा की थोरला भाऊ नैरोबीत नोकरीला आहे, जपानच्या एका एक्स्पोर्टरकडून टोयोटा फील्डर मागवतोय, एक्स्पोर्टर म्हणतोय की सरकारी तपासणी होऊनच गाडी जहाजावर चढते तुम्ही निर्धास्त पैसे पाठवा, तर पाठवावेत का, आणि दोनतीन वर्षं वापरून तीच गाडी सांगलीला आणता येईल का.

तेवढ्या एका शब्दावर पाठवू नका. ती तपासणी खोटी नसते, व्यवस्थित होते, पण ती केनिया सरकारसाठी असते, तुमच्या भावासाठी नसते. भावासाठीची तपासणी वेगळी, तिचे पैसे वेगळे, आणि ती आपण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. मी केनियात मोंबासाला बंदराजवळच्या यार्डात मेकॅनिक होतो, जपानवरून उतरलेल्या गाड्या क्लिअर झाल्या की आमच्याकडे यायच्या, आता कुपवाडला माझं गॅरेज आहे, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी सांगलीचं सांगतो. ते डोक्यातून काढून टाका. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, राईट हँड स्टिअरिंग पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, मुंबई बंदरातूनच आणावी लागते, निघताना तिकडच्या मान्य एजन्सीचं सर्टिफिकेट लागतं आणि इथं आल्यावर पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत टेस्टिंग. भाऊ घेतोय ती गाडी आजच पाचसहा वर्षांची असणार, म्हणजे पहिल्याच अटीत गेली. आणि समजा तीन वर्षांच्या आतली असती तरी हिशोब बघा, गाडी, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून 10 लाख धरा, वापरलेल्या गाडीवर कस्टम एकूण 137.5 टक्के पडतं (2025 च्या बजेटमध्ये त्याची 70 आणि 67.5 अशी फोड केली, बेरीज पूर्वीइतकीच), झाले 23 लाख 75 हजार, त्यावर मोठ्या गाडीचा 40 टक्के जीएसटी, म्हणजे 33 लाखांच्या वर, आणि एमएच 10 ची पाटी लागायच्या आधी आरटीओचा टॅक्स वेगळा. शिवाय तुम्ही दाखवलेलं बिल कस्टमवाले जसंच्या तसं धरत नाहीत, नव्या गाडीच्या किमतीतून वर्षांप्रमाणं घसारा वजा करून ते स्वतः किंमत काढतात. कोणी म्हणेल कायमचं परत येताना सूट असते, असते, पण ती घरातल्या सामानाला, मोटारगाडी त्यात बसत नाही. भावाला म्हणावं परत येताना गाडी तिथंच विकून पैसे घेऊन ये, फील्डरला नैरोबीत गिऱ्हाईक कायम असतं.

आता केनियाचं. तिथं पहिली नोंदणी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त झालेली गाडी घेत नाहीत, आणि हे वर्ष मोजताना गाडी बंदरात कधी पोचली ते बघतात. 2025 मध्ये पोचणाऱ्या गाडीची पहिली नोंदणी 2018 किंवा त्यानंतरची पाहिजे होती, 2026 ला ते 2019 झालं. त्यामुळं वर्षाच्या शेवटी जे लोक काठावरची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतात त्यांना मी रडताना बघितलंय, जहाज महिनाभर तरी लागतंच, मध्ये कुठं थांबलं आणि एक जानेवारी उलटली की गाडी बंदरात अडकली. तुमच्या भावानं ऑक्टोबरनंतर बुकिंग करायचं असेल तर एक वर्ष पुढचंच मॉडेल बघावं.

सरकारी तपासणी म्हणजे केब्सनं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, नेमलेली एजन्सी जपानमध्येच गाडी बघते, ब्रेक, स्टिअरिंग, लाईट, सस्पेन्शन, टायर, धूर, गाडीचं वय, 2011 च्या फुकुशिमानंतर रेडिएशनसुद्धा, आणि मग रोडवर्दीनेसचं सर्टिफिकेट देते. ते नसेल तर मोंबासात गाडी सोडवता येत नाही, म्हणून ते हवंच. पण गिअरबॉक्स गरम झाल्यावर धक्का मारतोय का, इंजिन ऑईल पितंय का, एसी थंड करतोय का, दरवाजा बदललाय का, हे त्यांचं काम नाही. रस्त्यावर चालवायला धोक्याची नाही एवढंच ते सांगतात. आपल्याकडं गाडी पासिंगला नेतो ना आरटीओत, पास झाली म्हणजे गाडी चांगली असं इथं तरी कोण मानतं.

मग भावानं काय मागायचं. सगळ्यात आधी ऑक्शन शीट. जपानमधल्या बहुतेक जुन्या गाड्या लिलावातून फिरतात आणि प्रत्येक गाडीचा तिथल्या तपासनिसानं भरलेला एक कागद असतो, विकणाऱ्याचा माणूस तो भरत नाही म्हणून त्याला किंमत आहे. त्यावर एक ग्रेड असतो, 4.5 म्हणजे उत्तम, 4 चांगली, 3.5 म्हणजे वापराच्या खुणा आहेत पण ठीक, आणि आर किंवा आरए लिहिलं असेल तर अपघातात सांगाड्याचा भाग दुरुस्त झालेली किंवा बदललेली. आतल्या भागाला ए, बी, सी अशी वेगळी अक्षरं. खाली गाडीचं चित्र असतं त्यावर खुणा, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंग मारलाय, एस म्हणजे गंज, डबल एक्स म्हणजे तो भाग बदललाय, आणि पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं जास्त, म्हणजे ए1 ला घाबरायचं कारण नाही पण डब्ल्यू3 असेल तर रंगाकडं नीट बघायचं. माझं मत विचाराल तर 3.5 ची प्रामाणिक गाडी, दोनचार ए2 आणि एखादा यू1 असलेली, ही 4.5 च्या मागं धावण्यापेक्षा बरी, पैसे वाचतात त्यातून टायर आणि सस्पेन्शन नवं होतं. गंजाचं मात्र सोडायचं नाही. होक्काइदो आणि उत्तरेकडच्या भागात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, वरून गाडी आरशासारखी आणि खालून क्रॉस मेंबर, ब्रेकच्या पायपा सडलेल्या. फील्डरमध्ये चेसिस नंबर एनझेडई164 नं सुरू होत असेल तर ती फोर व्हील ड्राईव्ह, बर्फाच्या भागात तीच जास्त वापरतात, तिचे खालचे फोटो आल्याशिवाय बोलणीच करू नका. एनझेडई161 टू व्हील ड्राईव्ह, आणि एनकेई165 हायब्रिड, हायब्रिड असेल तर बॅटरीचा टेस्ट रिपोर्ट वेगळा मागायचा, नवी बॅटरी महाग असते.

शीट फोटोशॉप करून पाठवणारेही आहेत. म्हणून चेसिस नंबर घेऊन बाहेरच्या एखाद्या सर्व्हिसकडून लिलावाचं जुनं रेकॉर्ड काढून घ्यायचं, थोडेच पैसे पडतात. शीटच नाही म्हणाले, आमच्या शोरूमला बदल्यात आलेली गाडी आहे म्हणाले, तर ते खरंही असू शकतं, पण मग स्वतंत्र तपासणी करणं सक्तीचं समजा.

किलोमीटरसाठी दुसरा कागद, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी लागते, त्याला शाकेन म्हणतात, त्यात मीटर लिहून घेतात आणि तो आकडा या सर्टिफिकेटवर येतो. शाकेनला 92 हजार आणि जाहिरातीत 58 हजार असेल तर तिथंच फोन ठेवायचा. मीटर मागं घेण्याचं काम जपानपेक्षा पुढच्या प्रवासात जास्त होतं, मोंबासाच्या यार्डातून तयार गाडी घेणाऱ्यांनी तर हा कागद बघितल्याशिवाय हात लावू नये.

आता पाण्यात बुडालेल्या गाड्या, यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्या सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. 2019 ला आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या आसपास गेली, धोक्याची पातळी 45, परत 2021 ला पाणी आलं, आणि त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन पुसून लांबच्या बाजारात विकायला गेल्या. तेच जपानमध्ये ऑक्टोबर 2019 च्या वादळानंतर झालं, आणि एप्रिल 2024 ला दुबईत एका दिवसात प्रचंड पाऊस झाला त्यानंतर तिकडंही. दुबईचं मुद्दाम सांगतो, कारण भावाला कोणीतरी नक्की म्हणणार की दुबईतून लवकर येते. तिथल्या स्वतःच्या गाड्या लेफ्ट हँड, त्या केनियात चालत नाहीत, आणि तिथं मिळणारी राईट हँड गाडी म्हणजे बहुतेक जपानचीच, मध्ये आणखी एक व्यापारी आलेला. बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, कार्पेटखाली स्पंज ओला आहे का, डॅशखालच्या कनेक्टरवर हिरवट पांढरी बुरशी आहे का. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी सहा महिने गुपचूप चालते आणि मग एकेक सेन्सर बोलायला लागतो, आमच्या गॅरेजला अशा गाड्या अजून येतात आणि मालकाला सांगताना वाईट वाटतं की यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

हे सगळं भाऊ नैरोबीतून करू शकत नाही म्हणून तिथला तपासनीस लावायचा. जेविकसारख्या संस्था आहेत, तो माणूस एक्स्पोर्टरनं सुचवलेला नको, भावानं स्वतः गाठलेला आणि भावानंच पैसे दिलेला पाहिजे, आणि रिपोर्ट त्याच्याकडून थेट भावाच्या मेलवर आला पाहिजे. त्याला नुसतं गाडी चेक करा म्हणू नका, लिहून द्या काय पाहिजे ते. थंड इंजिन स्टार्ट करतानाचा सलग व्हिडिओ, बॉनेट उघडं ठेवून, आधी गरम केलेली गाडी नको. सीव्हीटी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डी आणि आर मध्ये टाकतानाची हालचाल आणि अर्धा तास चालवल्यावर परत तेच. स्कॅनरचा रिपोर्ट. ऑईलच्या झाकणाचा आतून फोटो. लिफ्टवर घेऊन खालचे फोटो, चारी बाजूंनी. सगळ्या काचांवरचे कोपऱ्यातले शिक्के, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारायचं. टायरवरचा चार आकडी कोड, 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा, नक्षी भरपूर पण टायर सात वर्षांचा असं बऱ्याचदा असतं आणि नैरोबी मोंबासा हायवेला असला टायर नको.

पैशाचं थोडक्यात. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे पैसे भरायच्या आधी येणाऱ्या कच्च्या बिलावर, गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि तपासणी वेगवेगळी लिहून घ्या, चेसिस नंबर त्यावर असलाच पाहिजे. बँक खातं कंपनीच्याच नावावर आणि जपानमधलंच, शेवटच्या क्षणी खातं बदललंय असा मेल आला तर एक पैसा पाठवायचा नाही, आधी फोन लावायचा, तोही जुन्या नंबरवर. जपानच्या निर्यातदारांची जुमव्हिया म्हणून संघटना आहे, तिच्या सभासदांत नाव आहे का बघून घ्या. आणि केनियाचा टॅक्स आधी काढून ठेवा, लोक गाडीची किंमत बघून खूश होतात. आयात शुल्क 35 टक्के, एक्साईज इंजिनच्या सीसीप्रमाणं, व्हॅट 16 टक्के, आणि तेही इनव्हॉइसवर नाही, तिथल्या कस्टमकडं नव्या गाड्यांच्या किमतीची यादी आहे त्यातून घसारा काढून. समुद्राचा विमा केनियातल्याच कंपनीचा लागतो.

गाडी उतरली की तपासनिसाचे फोटो हातात धरून यार्डातच जुळवायची, स्टेपनी, जॅक, रेडिओ, बॅटरी आहे का ते गाडी बाहेर काढायच्या आधी बघायचं, नंतर कोणी ऐकत नाही. इंजिन ऑईल, फिल्टर आणि सीव्हीटीचं ऑईल लगेच बदला, सीव्हीटीला कंपनीनं सांगितलेलंच. रेडिओ जपानच्या बँडचा असतो त्यामुळं तिथली अर्धी स्टेशनं लागत नाहीत, एक छोटा एक्स्पांडर बसवला की लागतात, त्यासाठी सगळा सेट बदलायला सांगणारे भेटतील, बदलू नका.

ऑक्शन शीट मिळाली की इथं फोटो टाका, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे झाकून, खुणा वाचून मी सांगतो. खालच्या भागाचे फोटो असतील तर तेही टाका.