जवळ घेतलं म्हणून भीती वाढत नाही

चवथीला तीन आठवडे होते तेव्हा फोंड्याजवळच्या एका गावातून फोन आला. मी कुत्र्या-मांजरांच्या वागण्याबद्दल समुपदेशन करते, आणि पाऊस जरा ओसरायला लागला की असे फोन सुरू होतातच, कारण आधी चवथ, मग दिवाळी, मग जात्रा, फेस्तं, थर्टी फर्स्ट, आपल्याकडे गोव्यात गरनाळं आणि फटाके तसे वर्षभर चालूच असतात.

त्या बाईंचा मोगू चार वर्षांचा, गावठी कुत्रा, रस्त्यावरून आणलेला. मागच्या दिवाळीच्या आदल्या रात्री, म्हणजे नरकासुराच्या रात्री, त्याने मागच्या दाराची जाळी फाडली आणि पळाला तो दोन दिवसांनी शेताकडच्या मोरीत सापडला, पुढच्या पायाची दोन नखं उपटलेली. बाई म्हणाल्या, "मॅडम, त्या रात्री तो सारखा माझ्या मांडीवर चढायला बघत होता, पण सासरे म्हणाले लाड करू नको, कुरवाळलंस तर अजून घाबरेल, म्हणून मी त्याला बाथरूममध्ये एकटं ठेवलं. चुकलं का माझं?" आणि मग त्या रडायलाच लागल्या.

हा प्रश्न मला दर वर्षी येतो. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात मीही लोकांना हेच सांगायचे की दुर्लक्ष करा, त्याचं मला आजही वाईट वाटतं. कुत्र्याला बस म्हटलं, तो बसला, बिस्किट दिलं, तर तो पुन्हा बसेल कारण बसणं त्याच्या हातात आहे. थरथरणं त्याच्या हातात नाही हो. भीती ही काही त्याने शिकलेली ट्रिक नाही की बक्षीस दिलं म्हणून वाढेल. तो जवळ आला तर त्याला जवळ घ्या, शांत हात ठेवा, हळू बोला. त्याला कोपऱ्यातच बसायचं असेल तर बसू द्या, ओढून बाहेर काढू नका. ओरडलात, मारलंत, तर मात्र भीती नक्की वाढते.

मग मी त्यांना आधी व्हेटकडे पाठवलं. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण सांधे किंवा कान दुखत असेल तर आवाजाची भीती जास्त वाढलेली दिसते आणि आपण मात्र नुसतं स्वभाव स्वभाव म्हणत बसतो. मोगूचं सगळं ठीक निघालं. पण बोलता बोलता कळलं की मागच्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी गुंगीची गोळी दिली होती, तो पडून राहिला पण डोळे टक्क उघडे आणि लाळ गळत होती. नुसत्या गुंगीच्या काही औषधांनी अंग ढिलं पडतं, भीती तशीच आत राहते, आणि बिचाऱ्याला पळताही येत नाही. माणसांच्या गोळ्या तर मनाने कधीच देऊ नका. यावेळी व्हेटनी भीती कमी करणारं औषध लिहून दिलं आणि एका साध्या दिवशी देऊन बघायला सांगितलं, त्याला ते कसं चढतं ते कळावं म्हणून.

सोबत आवाजाची सवय सुरू केली. मोबाईलवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग, इतकं हळू की मोगूचा फक्त कान वळेल, आणि आवाजानंतर लगेच उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. आधी आवाज, मग बांगडा, हा क्रम उलटा करायचा नाही. आपल्याला हळू वाटणारा आवाजसुद्धा त्याला खूप असू शकतो, आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. पाचव्या दिवशी बाईंनी घाईने आवाज एकदम वाढवला आणि मोगू खाटेखाली गेला तो जेवायलाही बाहेर येईना. दोन दिवस सगळं बंद ठेवलं, मग पुन्हा अगदी हळू आवाजापासून. चवथीला तो थोडा धापा टाकत होता, पण पळाला नाही. मग दिवाळीपर्यंत तेच रोज पाच-दहा मिनिटं.

खरी परीक्षा नरकासुराची. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० अशी वेळ दिली होती, पण नरकासुराची रात्र तेवढ्यावर थोडीच संपते, म्युझिक चालतं आणि नरकासुराच्या पुतळ्याचं दहन पहाटे होतं. म्हणून मी त्यांना सांगितलं की वाड्यावरच्या पोरांशी बोला. पोरं चांगली निघाली, पेटवायच्या आधी फोन करतो म्हणाली.

त्या दिवशी मोगूला उजेड असतानाच पट्टा लावून फिरवून आणलं, गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर, जेवण लवकर, औषध व्हेटनी सांगितलेल्या वेळेला, म्हणजे पहिला फटाका वाजायच्या आधीच. जागा त्याचीच, मधल्या खोलीतली खाट, तिच्यावरून जाड चादर खाली सोडलेली, खिडक्या बंद, पंखा फुल आणि टीव्ही चालू. बाई तिथेच जमिनीवर चटई टाकून झोपल्या. सासऱ्यांनी स्वतःहून मागच्या दाराला फळी ठोकली.

पहाटे पाचच्या सुमारास मला त्यांचा मेसेज आला. पोरांचा फोन येऊन गेला होता, बाहेर धडाधड चालू होतं, मोगू थरथरत होता, पण त्याने खाटेखालून तोंड बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवलं होतं. थोड्या वेळाने दुसरा मेसेज, "बांगडा खाल्लो मॅडम." आता जानेवारीत गावची जात्रा आहे, रेकॉर्डिंग परत सुरू केलंय, आणि संध्याकाळचा बांगडा आता सासरे देतात.