निवासी डॉक्टरांचे कामाचे तास : नियम आणि माणसे

प्रश्न : माझे सासरे बेळगावातील एका मोठ्या रुग्णालयात दाखल होते. ज्या तरुण डॉक्टरांनी त्यांना सकाळी दाखल करून घेतले, तेच दुसऱ्या दिवशी दुपारीही वॉर्डात होते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा केसपेपर हातात घेऊन सासऱ्यांच्या गोळ्या सांगू लागले होते. इतके सलग काम नियमात बसते का? आणि पाळ्या लावल्या, तर सतत डॉक्टर बदलून रुग्णाचे हाल होणार नाहीत का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नियम आहे आणि जुना आहे. निवासी डॉक्टरांचे, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या अशा तरुण डॉक्टरांचे, सलग काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावे, असे निर्देश केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ मध्येच दिले. मात्र निकडीची सवलत त्यातच ठेवलेली असल्याने, जिथे माणसेच अपुरी तिथे रोजचाच दिवस निकडीचा ठरतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास असे म्हटले आहे, आकडा नाही. ही मला मोठी उणीव वाटते.

खरी अडचण हिशेबाची आहे. आठवड्याचे तास १६८. म्हणजे वॉर्डात एक डॉक्टर अहोरात्र हवा असेल, तर ४८ तासांच्या मर्यादेत साडेतीन डॉक्टर लागतात आणि रजा-आजारपण धरता चारही अपुरे पडतात. पदे न भरता तास कमी केल्याचा आदेश काढला, तर फक्त हजेरीपट सुधारतो. शिवाय खानापूर किंवा चंदगडकडे रात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध नसला, की अडलेली बाळंतीण बेळगावला रेफर होते. त्यामुळे तालुक्यातील रिकाम्या पदाचा भार अखेर शहरातल्या त्याच जागरण झालेल्या डॉक्टरावर येतो.

पाळीबद्दलची आपली शंका रास्त आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिदक्षता विभागातील प्रदीर्घ ड्यूटीच्या जुन्या वेळापत्रकात शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्के अधिक झाल्याचे आढळले, त्यामुळे तास कमी करणे टळणार नाही. पण जाणाऱ्याने येणाऱ्याला रुग्ण नीट सोपवला नाही, तर नव्या चुका होतात. म्हणून दोन्ही पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक असावा आणि सोपवणी खाटेजवळच, केसपेपर समोर ठेवून व्हावी. आपल्या भागात हे अधिक गरजेचे आहे, कारण फक्त मराठी येणाऱ्या वृद्धाने एका डॉक्टरला कशीबशी सांगितलेली ॲलर्जी लिहून ठेवली नाही, तर फक्त कन्नड येणाऱ्या पुढच्या डॉक्टरपर्यंत ती पोहोचतच नाही.

त्या तरुण डॉक्टरांविरुद्ध तक्रार करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रुग्णालय सरकारी असल्यास माहिती अधिकारात मंजूर पदे, भरलेली पदे आणि गेल्या तीन महिन्यांचे ड्यूटी-पत्रक मागावे. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करावा. कायद्यात याच भाषांची तरतूद असल्याने मराठी अर्ज अडकू शकतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मिळालेली कागदपत्रे आपल्या आमदारांना आणि रुग्णालयाच्या आरोग्य रक्षा समितीला लेखी पत्रासह द्यावीत आणि पोच घ्यावी.