मेनरोडवर गाडी कुणाची उभी आहे?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावात मेनरोडवर माझं साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि दीर बघतो. हल्ली गिऱ्हाईक बायपासवरच्या मोठ्या दुकानांकडे वळलंय. व्यापारी संघटनेत दरवेळी एकच ठराव येतो : हातगाड्या हटवा, रस्ता रुंद करा, पार्किंग द्या. बैठकीत मी एकटीच बाई. मला हे पटत नाही, पण नेमकं काय बोलावं ते सुचत नाही.
– एक वाचक

उत्तर: ताई, ठराव बाजूला ठेवा आणि सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला पायरीवर उभ्या राहा. कडेला लागणाऱ्या दुचाक्या कुणाच्या, ते बघा. नगररचनेच्या नोकरीत मी ज्या बाजारपेठा पायी फिरले, तिथे बहुतेक ठिकाणी उत्तर तेच निघालं : मालकाची, त्याच्या मुलाची, कामावरच्या पोरांची. सकाळी लावलेली गाडी शटर पडल्यावरच हलते. मग गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून गळा काढायचा! बैठकीत पहिला मुद्दा हाच घ्या. आपल्या गाड्या मागच्या गल्लीत जाऊ द्या. याला ना निधी लागतो, ना टेंडर. (त्या दिवशी तुमच्याशी कुणी धड बोलणार नाही, तेवढी तयारी ठेवा.)

रुंदीकरणात ओटे आणि पायऱ्या कुणाच्या जाणार, हे ठराव मांडणाऱ्यांना एकदा विचाराच. रस्ता रुंद झाला की गाड्या भरधाव निघून जातात. साडी घेते ती पायी फिरणारी बाई. ती चार दुकानं बघते, पुढे जाते, पुन्हा तुमच्याकडे येते. तिला सलग चालता यायला हवं. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषानुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. तुमच्या रस्त्यावर टेप लावून बघा, म्हणजे पुढे आलेले साड्या नेसवलेले पुतळे, बोर्ड आणि जनरेटर कुणाचे तेही कळेल.

हातगाडीवाल्यांशी भांडू नका. फॉल, बांगड्या, पिना घ्यायला आलेलं गिऱ्हाईकच तुमच्या दारावरून जातं. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नगरपरिषदेत फेरीवाला समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात, समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि व्यापारी संघटनांनाही तिथे स्थान आहे. तेव्हा ‘हटवा’ म्हणण्यापेक्षा ‘सर्वेक्षण करा, जागा आखून द्या’ अशी मागणी करा. निदान ती कायद्यात बसते.

मेनरोड काही वेळ फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवा, असंही सुचवा. मोटारगाड्या बंद झाल्या तर धंदा बुडेल, असं कुणीतरी म्हणेलच. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या १.३ किलोमीटरवर २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. सायकलरिक्षा चालतात. तिथेही नियम मोडणारे आहेत, पण बाजार काही उठून गेला नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन झाला, रस्ता एका दिवसापुरता चालणाऱ्यांना मिळाला. तुम्हीही दिवाळीआधीच्या एका रविवारी संध्याकाळचे चार तास मागा. माल उतरवायची वेळ सकाळची ठरवा आणि रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवा. त्या संध्याकाळचा गल्ला आधीच्या रविवारशी ताडून पाहा. कमी भरला तर तसंही सांगा.

आणखी एक गोष्ट, जी त्या बैठकीत पुरुष कधीच काढणार नाहीत. बायपासवरच्या दुकानात बायका निवांत रमतात, त्याला एसी हे एक कारण. दुसरं, तिथे स्वच्छतागृह असतं. मेनरोडवर आलेली बाई खरेदी अर्धी टाकून घरी पळते. खेड्यावरून एसटीने आलेलीने तर काय करावं? ठरावात महिलांच्या स्वच्छतागृहाचं कलम सर्वांत वर घाला, आणि किल्ली कुणाकडे राहणार, पाणी कोण भरणार, हेही त्यातच लिहून घ्या.