ब्रह्मदेशातल्या वखारीचं सामान भंगारात देऊ नका

थांबा, आधी ती माळ्यावरची पेटी बाजूला काढून ठेवा. तुमच्या पणजोबांची ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, मौलमीन बंदरात सागाची वखार होती, 1942 साली सगळं सोडून ते गावी परतले आणि आता घर पाडताना माळ्यावरचं गंजकं लोखंड अन् ब्रह्मी लिपीतले कागद टाकून देणार, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरात नेमकं हेच झालं, तेही माझ्या हातून.

आमच्याकडे एक बोजड हातोडी होती. तिच्या तोंडावर गोलात एक उलटं इंग्रजी अक्षर उठलेलं आणि खाली आडवी रेघ. आजी तिनं सुंठ ठेचायची. घर विकलं तेव्हा पितळी भांड्यांसोबत ती मी भंगारवाल्याला दिली. फोटोसुद्धा काढला नाही.

ती काय होती हे फार उशिरा कळलं. सागाचं ओलं लाकूड पाण्यात बुडतं. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याला गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं जागेवरच वाळू द्यायचे. मग तोडायचं, हत्तींकडून ओढ्यात आणायचं आणि पावसाळ्यातल्या पुरावर सोडायचं. सालवीन नदीतून ओंडके खाली मौलमीनला यायचे. वाटेत किती मालकांचा माल एकमेकांत मिसळायचा, विचार करा. आपला ओंडका ओळखायची खूण एकच, टोकावर हातोडीनं ठोकलेला छाप. तो छाप वनखात्याकडे नोंदवावा लागे. म्हणजे आमच्या पणजोबांची सहीच मी किलोच्या भावानं विकली. आता ते अक्षर कोणतं होतं यावर घरात तिघांची तीन मतं आहेत, आणि छाप सांगता येत नसेल तर शोधायचं काय?

दुसरा मनस्ताप एका सरकारी कार्यालयाचा. वखारीच्या जुन्या नोंदी शोधायला चार खेपा घातल्या, दर वेळी एकच उत्तर: ब्रह्मदेश परदेश आहे, इथे काही मिळणार नाही. हे साफ चूक आहे. 1 एप्रिल 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या काळच्या फायली आहेत, 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. माझी दोन वर्षं त्या एका वाक्यानं खाल्ली, अजून राग जात नाही.

शोधताना आडनावावर अडून बसू नका, पेढीचं नाव घ्या. आणि 'आमचे हत्ती होते, जंगल होतं' अशा घरगुती गोष्टी जपून घ्या. जंगलांचे मोठे ठेके मुख्यतः बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या युरोपीय कंपन्यांकडे होते. आपल्याकडून गेलेले बरेच जण वखार, करवतकाम, लिलावात माल घेणं यावर उभे राहिले. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत उधारीवर लाकूड उचलून घर चालवणं सोपं नव्हतं.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, आणि तिकडच्या मालमत्तेच्या दाव्याबद्दल विचारत असाल तर वकिलालाच गाठा. पण कागद मात्र उलगडायची घाई करू नका, घडीवर तुटतात. ब्रह्मी मजकूर वनखात्याच्या पावत्यांचाही असू शकतो.

पेटीत जड तोंडाची हातोडी असेल तर गंज घासू नका. तोंडावर पीठ भुरभुरवून तिरप्या उजेडात फोटो काढा आणि इथे टाका. अक्षर उलटं दिसेल, ते तसंच असतं.