वाचकांचे प्रश्न : मॅग्नेशियमवरचा सीरियमचा थर टिकत का नाही?

प्रश्न : एझेड९१डी (ॲल्युमिनियम-जस्त मिसळलेल्या) मॅग्नेशियमच्या डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, हाउसिंगला आम्ही क्रोमेटऐवजी (क्रोमियमच्या गंजरोधक थराऐवजी) सीरियम नायट्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा बाथ देतो. दहा मिनिटांत पिवळा थर येतो, पण फडक्याने पुसताच निघतो. शिवाय पावसाळ्यात स्टीलच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरते. काय चुकतं?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत.

थर निघतो, कारण दहा मिनिटं फार होतात. बाथमध्ये मॅग्नेशियम विरघळतं, त्याच वेळी मिश्रधातूतल्या ॲल्युमिनियमयुक्त कणांवर पेरॉक्साइडचं क्षपण (रिडक्शन) होऊन तिथला सामू (पीएच) वाढतो आणि सीरियम हायड्रॉक्साइड-ऑक्साइड होऊन बसतं. जॉब (म्हणजे हाउसिंग) फार वेळ बुडवला तर हायड्रोजनचे बुडबुडे थर उचलतात आणि जाड झालेला थर वाळताना तडकतो. पेरॉक्साइड जास्त पडलं, तर साका (गाळ) बाथमध्येच बनून जॉबवर नुसता साचतो. बाथ गढूळ पिवळा दिसला की बदलाच.

एक लिटर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात २० ग्रॅम सीरियम नायट्रेट हेक्साहायड्रेट विरघळवा. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड १० मिली, तेही जॉब बुडवण्याच्या जरा आधी. सुरुवात टाकाऊ तुकड्यांवर १, २ आणि ३ मिनिटं अशी करा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातलं क्लोराइड थराखाली अडकतं.

त्याआधीची सफाई मात्र कसून हवी. मोल्ड-रिलीजचा (साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा) सिलिकॉन राहिला तर तिथे थर धरतच नाही. गरम कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) डिग्रीसिंग, म्हणजे तेलकटपणा काढणं (मॅग्नेशियमला अल्कली चालते), मग लिटरमागे २०० मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ५० ग्रॅम सोडियम नायट्रेटच्या द्रावणात अर्धा मिनिट. हे द्रावण धातू खातं, बसणीच्या जागा (जिथे दुसरा भाग नेमका बसतो) झाकून घ्या. धुऊन लगेच बाथमध्ये घाला. धातूत लोह ०.००५ टक्क्यांवर असेल तर कुठलाच थर वाचवणार नाही. इंगटचं (धातूच्या कच्च्या लादीचं) प्रमाणपत्र मागून घ्या.

आता बोल्ट. ओलसर हवेत स्टील कॅथोड (न झिजणारं टोक) होतं आणि शेजारचं मॅग्नेशियम झिजतं. सीरियमचा थर हे थांबवू शकत नाही, तो प्रायमरखालचा (रंगाच्या पहिल्या हाताखालचा) पाया आहे. बोल्टाखाली त्याच्या डोक्यापेक्षा रुंद ५०५२ किंवा ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा वॉशर द्या, पाणी साचणारी खाच ठेवू नका. रंग स्टीललाही द्या. नुसतं मॅग्नेशियम रंगवलं, तर एका ओरखड्यावर सगळा हल्ला एकवटतो आणि तिथे खोल खड्डा पडतो.